बुडीत गहाण

न्यू मेक्सिको राज्यातील गॅलप या गावात, एका गहाणाच्या दुकानात काचेच्या कपाटासमोर उभा असताना मला शहाद्याची आमची पेढी आठवली. २०१९ च्या ऑक्टोबरात आम्ही दोघे मुलाकडे आल्बुकर्कीला गेलो होतो आणि एका शनिवारी तो आम्हांला गाडीने दोन-सव्वादोन तासांवरच्या या गावी घेऊन आला होता. नवाहो या तिथल्या आदिवासी लोकांचा विस्तीर्ण प्रदेश इथून जवळच सुरू होतो, झुनी लोकांचे गावही दक्षिणेला फार लांब नाही, आणि त्यामुळे पिरोजा जडवलेल्या चांदीच्या दागिन्यांचा व्यापार इथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. दुकानाच्या आढ्याला खोगिरे टांगलेली होती, भिंतीला बंदुका होत्या, लोकरी घोंगड्यांच्या घड्या रचलेल्या होत्या, आणि कपाटात कडी, माळा व मोठमोठ्या बिल्ल्यांचे कमरपट्टे ओळीने मांडलेले होते. प्रत्येक वस्तूला दोऱ्याने एक पिवळट चिठ्ठी बांधलेली होती. दुकानदाराने एक कडे माझ्या हातात दिले आणि 'ओल्ड पॉन' असे दोन शब्द उच्चारले. त्या शब्दांनी कड्याची किंमत वाढते, हे त्याच्या स्वरावरून कळत होते. मुलगा म्हणाला, "बाबा, म्हणजे कुणीतरी गहाण ठेवलेलं आणि मग न सोडवलेलं." मला हे सांगण्याची गरज नव्हती. आमच्या वडिलांच्या वहीत अशा वस्तूपुढे तांबड्या शाईने एकच शब्द लिहिलेला असे: बुडीत.

शहाद्याच्या जुन्या बाजारात आमची चांदीची पेढी होती. सातपुड्यातून, विशेषतः धडगावच्या बाजूने, भिल्ल आणि पावरा कुटुंबे आषाढात बी-बियाण्यासाठी पैसे घ्यायला येत आणि त्याबदली अंगावरची चांदी ठेवून जात. गळ्यातली हासळी, दंडातली कडी, पायांतले वाळे, राणीछाप रुपयांच्या माळा, आणि पुरुषांच्या कमरेचे जाड, विणलेले करदोडे. वडील वस्तू तराजूत घालत, घट वजा करत, किमतीच्या निम्म्याच्या आसपास रक्कम हातावर ठेवत, चिठ्ठी फाडून देत आणि वहीत नाव, गाव, वस्तू, भार व रक्कम अशी एक ओळ लिहीत. दिवाळीनंतर ज्वारी-कापसाचे पैसे आले की माणसे आपली वस्तू सोडवून नेत. ज्यांना ते जमत नसे, ती निदान होळीपुरती तरी मागायला येत, कारण होळीला आणि लग्नाला अंगावर चांदी नसणे ही त्यांच्यात मोठी नामुष्की मानली जाई. विश्वासातल्या घरांना वडील होळीपुरता दागिना देत, आणि रंगपंचमीच्या सुमारास तो परत येऊन पुन्हा डब्यात पडे. तीन वर्षे व्याजही आले नाही, तर ती वस्तू बुडीत धरली जाई आणि बहुतेक वेळा मुशीत जाई. मी सातवी-आठवीत असताना मुशीत टाकलेल्या एका रुपयाकडे वाकून पाहत होतो. राणीचा चेहरा आधी कडेने मऊ झाला, मग नाक गेले, आणि मग तिथे नुसता एक चकाकणारा थेंब उरला. ती माळ कुणाच्या गळ्यातली होती, हे त्या वेळी माझ्या मनातही आले नाही.

गॅलपला जे समजले त्यातले बरेचसे मला आधीच ठाऊक असल्यासारखे होते. नवाहो लोकांना अमेरिकेच्या सैन्याने १८६४ मध्ये त्यांच्या मुलखातून शेकडो मैल पायी चालवत बॉस्क रेडोंडोच्या छावणीत नेले आणि १८६८ च्या तहानंतर परत येऊ दिले. चांदीचे काम ते एकोणिसाव्या शतकातच मेक्सिकन कारागिरांकडून शिकले होते. नाणी वितळवून किंवा ठोकून ते कडी आणि बिल्ले घडवत आणि कुडत्यावर नाण्यांची बटणे लावत. आमच्याकडे रुपयाची माळ आणि तिकडे नाण्याचे बटण: दोन्हीकडे घरातली शिल्लक अंगावर वागवली जात होती. त्यांच्या प्रदेशात गोऱ्या व्यापाऱ्यांची ठाणी उभी राहिली, तिथे वसंतात लोकर आणि शरदात कोकरे देऊन वर्षाचा हिशेब चुकता व्हायचा आणि मधल्या महिन्यांत पीठ, कॉफी व कापडासाठी दागिने गहाण पडायचे. १९३० च्या दशकात सरकारने त्यांच्या मेंढ्यांची संख्या सक्तीने घटवली, म्हणजे ज्या जनावरांवर हिशेब चुकता व्हायचा तीच कमी झाली. अनेक व्यापारी धार्मिक विधीच्या दिवसांपुरता दागिना मालकाला वापरायला देत आणि नंतर परत घेत. हे कळले तेव्हा मी काही क्षण गप्प राहिलो, कारण वडिलांच्या होळीच्या रिवाजाचा मला लहानपणापासून अभिमान वाटत आलेला होता. तो रिवाज खरा होता, त्यात माया होती, हे मी आजही म्हणतो. पण दागिना मालकाला उसना द्यावा लागतो, ही मुळात कोणती स्थिती आहे, याचा विचार मी त्या दिवशी प्रथम केला.

१९७० च्या दशकात नवाहो प्रदेशातल्या ठाण्यांच्या कारभाराची केंद्रीय यंत्रणेने चौकशी केली, नियम कडक झाले आणि गहाणाचा धंदा हळूहळू सीमेवरच्या गॅलपसारख्या गावांत सरकला. त्याच दशकात इकडे शहाद्यात श्रमिक संघटना उभी राहिली, अंबरसिंग महाराजांनी भिल्लांना जागे केले, आणि आणीबाणीच्या काळात राज्यात कर्जमुक्तीचा कायदा होऊन गरिबांची सावकारी देणी रद्द झाली. दोन खंडांतल्या दोन बाजारपेठा एकमेकींना न ओळखता एकाच वाटेने चालल्या होत्या.

ते कडे मी विकत घेतले. हे स्पष्ट लिहिले पाहिजे, कारण पुढे जे लिहिणार आहे ते दुसऱ्याला शिकवण्यासाठी नाही. कड्यावर मधोमध हिरवट पिरोजा आहे, त्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या काळ्या रेषा आहेत, आणि आतल्या बाजूला चांदी इतकी गुळगुळीत झिजलेली आहे की एका मनगटाने ती वर्षानुवर्षे घासली असणार हे बोटाला कळते. दुकानदाराने पैसे घेतले, कात्रीने दोरा कापला आणि पिवळी चिठ्ठी कचऱ्याच्या डब्यात टाकली. चिठ्ठीवर एक आकडा होता आणि पेन्सिलीने लिहिलेली काही अक्षरे होती. ती चिठ्ठी मागून घ्यावी हे मला सुचले नाही. गाडीत बसल्यावर सुचले, तोवर आम्ही तीस मैल आलो होतो.

अमेरिका खंडांतील आदिवासींच्या कलावस्तू जमवण्याचा इतिहास वाचू लागलो, तेव्हा ही टाकून दिलेली चिठ्ठी मला जागोजागी भेटली. (मराठीत अजूनही सरसकट 'रेड इंडियन' असे लिहितात, ते नाव त्या लोकांचे नाही, आणि 'आदिवासी' म्हणून भिल्ल, पावरा, कोकणा यांना एका पोत्यात भरणाऱ्यांवर आपण रागावतो तेव्हा नवाहो, होपी, झुनी ही नावे वापरण्याचे कष्ट आपणही घ्यावेत.) न्यूयॉर्कच्या जॉर्ज हाय या धनाढ्य गृहस्थाने १८९७ मध्ये अ‍ॅरिझोनात अभियंता म्हणून काम करताना एका नवाहो मुकादमाच्या बायकोकडून हरणाच्या कातड्याचा एक शर्ट विकत घेतला, आणि तिथून जो छंद लागला तो १९५७ मध्ये मृत्यू येईपर्यंत सुटला नाही. त्याच्या नावावर सुमारे ८ लाख वस्तू जमल्या. त्याने त्यांचे संग्रहालय केले, १९८९ च्या कायद्याने ते राष्ट्रीय संग्रहालयात रूपांतरित झाले आणि २००४ मध्ये वॉशिंग्टनमध्ये त्याची इमारत उघडली.  हायने बहुतेक वस्तूंचे पैसे दिले. मला अडवतो तो हाच मुद्दा. पैसे तर माझे वडीलही देत होते, आणि वजनही चोख करत होते.

पैसे दिल्याने व्यवहार शुद्ध होतो का, याचे उत्तर कॅनडातल्या एका घटनेत इतके उघडे पडलेले आहे की ती थोडी विस्ताराने सांगतो. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या आदिवासींमध्ये पॉटलॅच नावाचा सोहळा असतो. त्यात यजमान आपली संपत्ती वाटून टाकतो, मुखवटे घालून नृत्ये होतात, आणि नावे, हक्क व नाती सर्वांसमक्ष पक्की केली जातात. १८८५ पासून १९५१ पर्यंत कॅनडाच्या कायद्याने हा सोहळा गुन्हा होता. डिसेंबर १९२१ मध्ये व्हिलेज आयलंड या दुर्गम बेटावर क्वाक्वकवाक्व लोकांनी डॅन क्रॅनमर यांचा मोठा पॉटलॅच केला. बातमी फुटली आणि ४५ जणांवर खटले झाले. त्यांच्यापुढे असा पर्याय ठेवला गेला की, संपूर्ण गावाने मुखवटे, तांब्याचे मानाचे पत्रे आणि सोहळ्याचे इतर साहित्य सरकारजमा केले तर शिक्षा स्थगित होईल, नाहीतर तुरुंग. काहींनी तुरुंग पत्करला. बाकीच्यांच्या वस्तू चर्चच्या सभागृहात बाकांवर मांडल्या गेल्या, नाममात्र मोबदला ठरला, आणि सरकारी अधिकाऱ्याने त्यातल्या ३५ वस्तू तिथे आलेल्या जॉर्ज हायला विकल्या. उरलेल्या ओटावा आणि टोरांटोच्या संग्रहालयांत गेल्या. कागदोपत्री हा विक्रीचा व्यवहार आहे, पावती आहे, रक्कम आहे. विकणाऱ्याला नाही म्हणता येत होते का, एवढा रकाना मात्र पावतीत नसतो.

त्या लोकांनी वस्तू परत मागण्याचा हट्ट अनेक दशके सोडला नाही. पुढे ओटावाच्या संग्रहालयाने त्या परत केल्या आणि १९८० मध्ये अलर्ट बे येथे समुद्रकाठी त्यांच्यासाठी उमिस्ता नावाचे सांस्कृतिक केंद्र उघडले. या नावाचा अर्थ वाचून मी खुर्चीतून उठलो होतो. पूर्वी लढायांत शत्रू माणसे धरून नेत; खंडणी भरून किंवा उलट चढाई करून ती परत आणली गेली, की त्या परत येण्याला 'उमिस्ता' म्हणत. आपल्या भाषेतही कैदेतला माणूस सोडवतात आणि गहाण पडलेला दागिनाही सोडवतातच. सातपुड्यातून उतरून पेढीच्या पायरीशी टोपी काढून उभा राहणारा माणूस "माझी हासळी विकत घ्यायला आलो" असे कधीही म्हणत नसे. "सोडवायला आलो" असे म्हणे. म्हणजे त्याच्या मनात तीन वर्षे, पाच वर्षे ती त्याचीच होती, फक्त अडकून पडली होती. २००३ मध्ये फ्रेंच लेखक आंद्रे ब्रेताँ यांच्या मुलीने वडिलांच्या संग्रहातले, त्या १९२१ च्या साहित्यातले एक शिरोभूषण स्वतः होऊन अलर्ट बेला नेऊन दिले. कोणत्याही कायद्याने तिला तसे करायला लावलेले नव्हते.

कायद्याचीही गोष्ट सांगायला हवी, कारण त्यातली एक कल्पना मला फार मोलाची वाटते. १६ नोव्हेंबर १९९० रोजी अमेरिकेत आदिवासींच्या दफनस्थानांचे रक्षण आणि अवशेषांची परतफेड यांसाठी कायदा झाला. आद्याक्षरांवरून त्याला 'नॅगप्रा' म्हणतात. सरकारी पैसा घेणाऱ्या संग्रहालयांनी मानवी अस्थी, दफनातल्या वस्तू आणि पवित्र वस्तू यांची यादी करून त्या त्या समाजाला त्या परत द्याव्यात, असे तो सांगतो. त्यात एक वर्ग असा आहे की जी वस्तू संपूर्ण समाजाची आहे आणि म्हणून कोणा एका व्यक्तीला विकताच येत नाही. अशा वस्तूचा विक्रेता कितीही खरा असला, कितीही राजीखुशीने विकत असला, तरी ती विक्री झालेलीच नसते. आपल्याकडच्या माणसाला हे समजावून सांगावे लागू नये. साक्रीच्या पश्चिमेला कोकणा गावांत भोवाडा होतो, त्यातले देवादिकांचे मुखवटे कोणा एकाच्या घरी माळ्यावर जपलेले असतात. म्हणून ते त्या घराचे होत नाहीत. सांभाळणे त्याच्याकडे असते, मालकी गावाची असते. त्याच्या मुलाने उद्या अडचणीत पुण्याच्या एखाद्या व्यापाऱ्याला मुखवटा विकला, तर गाव त्याला विक्री म्हणणार नाही.

होपी लोकांच्या मुखवट्यांचे हेच झाले. होपी त्यांना मुखवटे म्हणत नाहीत, 'मित्र' म्हणतात, आणि त्यांना सजीव मानून ज्याच्याकडे राखण असेल तो त्यांची निगा राखतो. एप्रिल २०१३ मध्ये पॅरिसमध्ये अशा सुमारे ७० 'मित्रांचा' लिलाव पुकारला गेला. तो थांबवावा म्हणून होपींच्या वतीने न्यायालयात अर्ज झाला. न्यायालयाने म्हटले की, यांना माणसांसारखे मानता येत नाही, म्हणून विक्री रोखता येत नाही. लिलावात सुमारे ९ लाख ३० हजार युरो जमले. त्याच वर्षी डिसेंबरात पुन्हा लिलाव झाला, तेव्हा अमेरिकेतील अ‍ॅनेनबर्ग फाउंडेशनने नाव न सांगता दूरध्वनीवरून बोली लावून २४ वस्तू ५ लाख ३० हजार डॉलरना घेतल्या आणि होपी व सॅन कार्लोस अपाची लोकांना परत दिल्या. हे काम थोर आहे असेच मी मानतो. तरीही जे मुळात विकले जाऊ शकत नाही ते पैसे मोजून सोडवले, की पुढच्या लिलावाला भाव ठरून जातो, ही टोचणी राहते. त्या लिलावाची छायाचित्रे सहज मिळतात. मी ती इथे दिलेली नाहीत, कारण त्यांची छायाचित्रे फिरवू नयेत अशी होपींची विनंती आहे.

याच होपींच्या बाहुल्या मात्र राजरोस विकत मिळतात, आणि घ्याव्यात. त्यांना 'तिहू' म्हणतात. कॉटनवुडच्या मुळापासून कोरून त्या विधीच्या वेळी मुलींना देत आले आहेत, आणि आज अनेक होपी कारागीर स्वतःचे नाव घालून त्या विकण्यासाठीही घडवतात. बाहेरच्या माणसाच्या डोळ्याला बाहुलीचा चेहरा आणि 'मित्राचा' चेहरा सारखाच दिसेल. कुठली वस्तू बाजाराची आणि कुठली देवाची, हे वस्तूकडे पाहून ठरत नाही. ज्यांची ती आहे त्यांना विचारूनच कळते. माझ्या मते संग्राहकाचे पहिले काम हे विचारणे आहे, आणि बहुतेकांनी तेच टाळले.

आल्बुकर्कीहून गॅलपला जाताना महामार्गाच्या दक्षिणेला उंच कड्यावर वसलेले अ‍ॅकोमा हे प्राचीन गाव लागते. तिथली एक पवित्र ढाल १९७० च्या दशकात तिची राखण करणाऱ्या घरातून चोरीला गेली होती. ती पॅरिसच्या एका लिलावाच्या यादीत दिसली, बराच गाजावाजा झाल्यावर २०१६ मध्ये यादीतून काढली गेली, आणि आम्ही त्या रस्त्याने गेलो त्याच्या पुढच्याच महिन्यात, नोव्हेंबर २०१९ मध्ये, अ‍ॅकोमाला परत आली. अशा वस्तू देशाबाहेर पाठवण्यास बंदी घालणारा अमेरिकेचा कायदा त्यानंतर, डिसेंबर २०२२ मध्ये झाला. जानेवारी २०२४ पासून 'नॅगप्रा'चे नवे नियमही लागू झाले, त्यांत वस्तू प्रदर्शनात मांडण्यापूर्वी त्या समाजाची संमती घेणे आले, आणि न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीने आपली दोन मोठी दालने बंद केली. खाजगी संग्राहकाला मात्र परत करण्याचे बंधन आजही नाही. त्याच्यापाशी फक्त त्याचा विवेक असतो.

झुनी लोकांविषयी लिहिताना मला माझ्या घरातल्या एका वस्तूविषयी लिहावे लागेल. झुनी युद्धदेवांच्या लाकडी मूर्ती हिवाळ्यातल्या अयनाच्या वेळी कोरतात आणि डोंगरातल्या उघड्या देवस्थानात ठेवतात. नवी मूर्ती आली की जुनी बाजूच्या राशीत जाते, आणि तिने ऊन-पावसात झिजत मातीत मिसळायचे असते. तसे झिजण्यातूनच ती जगाला आपली शक्ती देते, अशी त्यांची श्रद्धा आहे. राशीतली जुनी मूर्ती पाहून आलागेला समजे की ही टाकून दिलेली आहे, आणि उचलून नेई. १९७८ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात अशी एक मूर्ती दिसल्यावर झुनींनी मागणी सुरू केली. डेन्व्हरच्या कला संग्रहालयाने १९८० मध्ये आपल्याकडच्या मूर्ती परत केल्या आणि पुढे डझनावारी मूर्ती परत आल्या. या लढ्यात संग्रहालयांचा मोठा आक्षेप असा होता की, परत दिल्या तर त्या कुजतील. झुनींचे उत्तर होते की त्यांनी कुजावे म्हणूनच त्या हव्या आहेत.

महाविद्यालयात असताना आम्ही चार मित्र तोरणमाळला सायकलींनी निघालो होतो. चढाच्या अलीकडे एका महुआच्या झाडाखाली, म्हणजे आपल्या मोहाच्या झाडाखाली, नवसाचे मातीचे घोडे ठेवलेले होते. काही नवे, काही पायमोडके, काही नुसते खापर झालेले. मी एक घोडा उचलला. त्याचा कान तुटलेला होता, पाठीवर शेंदराचा ओघळ होता, आणि मानेवर घडवणाऱ्याच्या अंगठ्याचा ठसा स्पष्ट उमटलेला होता. टाकलेलाच आहे, असे मी म्हणालो. चाळीस वर्षे तो धुळ्यातल्या घरी पुस्तकांच्या कपाटात आहे आणि पाहुण्यांनी त्याचे कौतुक केलेले आहे. तीन वर्षांपूर्वी तो परत ठेवायला गेलो, तेव्हा रस्ता रुंद झालेला होता आणि ते झाड मला सापडले नाही. वाटेतल्या वस्तीवर विचारले, तर एक म्हातारा म्हणाला की देव वर नेला. वर कुठे, ते त्याने सांगितले नाही, आणि मला विचारण्याचा अधिकार आहे असे वाटले नाही. घोडा पुन्हा कपाटात आहे, पण आता काचेआड नाही. खालच्या खणात कापडात गुंडाळून ठेवला आहे.

कुणी म्हणेल, मग काहीच विकत घेऊ नये का? घ्यावे, आणि जिवंत कारागिराकडून घ्यावे. सॅन इल्डेफोन्सो गावच्या मारिया मार्टिनेझ यांनी पती हुलियान यांच्याबरोबर काळ्यावर काळ्या नक्षीची भांडी घडवली, त्यांवर आपले नाव घातले, आणि नावाला भाव आला तेव्हा गावातल्या दुसऱ्या बायकांच्या भांड्यांवरही सही करून दिली. बाजाराला एक सही हवी होती आणि त्यांच्या मनात गाव एक होते. यात मला लबाडी दिसत नाही. सांता फे येथे १९२२ पासून भरणाऱ्या बाजारात आज शेकडो कलावंत स्वतः मांडव टाकून बसतात, विचारले तर कुठली नक्षी सांगण्याजोगी आहे आणि कुठली नाही हेही सांगतात. आदिवासींनी न घडवलेली वस्तू त्यांची म्हणून विकणे हा १९९० च्या दुसऱ्या एका कायद्याने गुन्हा ठरला असून पहिल्याच गुन्ह्याला अडीच लाख डॉलरपर्यंत दंड आणि पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तरीही २०१५ मध्ये न्यू मेक्सिकोत छापे पडले, तेव्हा फिलिपाइन्समध्ये घडवलेले दागिने नवाहो आणि झुनी म्हणून विकले जात असल्याचे उघड झाले. होळीआधीच्या भोंगऱ्या बाजारात आता गिलटाच्या हासळ्या ढिगाने येतात. ज्यांची खरी चांदी बुडाली त्यांच्याच नाती त्या विकत घेतात. शहरातले व्यापारी मात्र शहादा-तळोद्याच्या सराफांकडे जुनी, झिजलेली चांदी मागत येतात, आणि ज्या डागाला पूर्वी मुशीचा भाव होता त्याला आता झिजेचा भाव मिळतो. कुणाच्या मनगटाची झीज, हे तेही विचारत नाहीत.

वडील गेल्यावर पेढीच्या माळ्यावर पत्र्याचा एक डबा सापडला होता. कर्जमुक्तीच्या वेळी ज्यांच्याजवळ चिठ्ठी होती ते वस्तू घेऊन गेले. ज्यांची चिठ्ठी हरवली होती, जे गुजरातेत ऊसतोडीला गेले होते किंवा ज्यांना पेढीची पायरी चढायचे भय होते, त्यांच्या वस्तू राहिल्या. वडिलांनी त्या विकल्या नाहीत आणि नेऊनही दिल्या नाहीत. "जेनं शे तेले दी टाका," असे आई वर्षातून एकदा तरी म्हणत असे, आणि वडील "येतील, येतील" म्हणत. डब्यात अकरा वस्तू आहेत आणि सुदैवाने वही आहे. गॅलपहून आल्यावर मी त्या कड्याला याच डब्यात जागा दिली आणि वही उघडली. दोन गावे आज नकाशावर नाहीत, नर्मदेच्या पाण्याखाली गेली. काही नावे इतकी सर्वसाधारण आहेत की एका पाड्यावर त्या नावाचे पाच जण निघावेत. एका ओळीपुरता मात्र माग लागला: चांदीचा करदोडा १, भार ४२ तोळे, रुपये १२०, आषाढ, १९६८.

धडगावच्या पुढे एका पाड्यावर तिथल्या प्राथमिक शिक्षकांनी मला त्या घरी नेले. ज्याचे नाव वहीत होते तो कधीच गेलेला होता; त्याची नात पन्नाशीची होती. मी काय आणले आहे हे शिक्षकांनी पावरीत सांगितले. तिने पदराला हात पुसले, करदोडा दोन्ही तळहातांवर घेतला, वजनाचा अंदाज घ्यावा तसा जरासा वरखाली केला आणि कडीच्या जागी झालेली एक जुनी दुरुस्ती बोटाने चाचपली. आजा सांगायचा, की आपला करदोडा शहाद्याला आहे, असे ती म्हणाली. मग तिने माझ्याकडे पाहून बाजाराच्या मराठीत विचारले, "शेठ, व्याज किती झालं?"

मी म्हणालो, "ताई, काही नाही. कायद्यानेच सगळं माफ झालेलं आहे."

शिक्षकांनीही तेच सांगितले. तिने ऐकून घेतले, आत गेली आणि एक शंभराची नोट व दोन दहाच्या नोटा घेऊन आली. मी हात मागे घेतला, तेव्हा ती शिक्षकांना पावरीत काही बोलली. ते म्हणाले, "ती म्हणते, मुद्दल घ्या. फुकट दिलं तर ते तुमचं होतं, असं होईल. आजानं ते विकलं नव्हतं."

मी पैसे घेतले. तिने वही मागितली. वाचता येत नसले तरी कुठली ओळ तिची, ते तिला पाहायचे होते. मी बोट ठेवून दाखवली. ती म्हणाली, "आता काट मारा." मी तिच्यासमोर त्या ओळीवर रेघ ओढली आणि वडील लिहीत तसे, कडेला, त्या दिवसाची तारीख घालून लिहिले: सोडवून नेले.